जुन्या रायफलींचा गंज काढताना

आमच्या घरात पहिली रायफल आली तेव्हा मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही.

हे मूळचे नागपूरचे, धातुशास्त्राचे इंजिनिअर. सगळी नोकरी ओहायोतल्या एका पोलादाच्या कारखान्यात झाली. मी तिथल्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची डागडुजी करायचे. सुटलेली पानं शिवायची, बुरशी पुसायची, फाटलेल्या कडांना पातळ कागदाची ठिगळं लावायची. दोघंही रिटायर झालो आणि लेकीच्या हट्टाखातर टेक्ससमधल्या फ्रिस्कोला, तिच्यापासून दहा मिनिटांवर, घर घेतलं. बर्फ उपसणं संपलं ते बरंच झालं, पण यांच्या हाताला काही काम उरलं नाही. सकाळचा चहा झाला की हे तेलाची कुपी घेऊन घरभर फिरायचे आणि कुरकुरत नसलेल्या बिजागऱ्यांनाही तेल घालायचे.

समोरच्या घरात एक अमेरिकन गृहस्थ एकटेच राहतात. वयाने आमच्याएवढेच. तरुणपणी काही वर्षं लष्करात होते, नंतर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. लष्कराने मोडीत काढलेल्या जुन्या रायफली मिळवायच्या, स्वच्छ करायच्या आणि जपून ठेवायच्या, हा त्यांचा नाद. हे एकदा त्यांची शिडी परत द्यायला म्हणून गेले ते तीन तासांनी आले, काखेत लांबलचक खोका घेऊन.

"ही आपल्याकडची आहे," हे दारातूनच म्हणाले. "बंगालमधल्या सरकारी कारखान्यात बनलेली. आपल्या फौजेने वापरली, मग भंगारात निघाली, आणि जहाजात बसून इकडे आली. आपल्यासारखीच."

"आपण भंगारात निघालो नव्हतो," मी म्हटलं आणि आत गेले. त्यानंतरचे ते दोन दिवस.

खरं राग नव्हता, भीती होती. माझ्या माहेरी सांगलीला घरात सुरीसुद्धा उघडी ठेवत नसत. त्यात लेकीला कळलं तेव्हा ती फोनवरच कडाडली. "बाबा, आर यू सीरियस? माझी मुलगी तुमच्याकडे प्रत्येक वीकेंडला येते. शी इज सेव्हन!" यांनी समजावून सांगितलं की घरात एकही गोळी येणार नाही, आणि हे ती कधी चालवणारही नाहीत. त्यांना फक्त त्या पोलादाकडे बघायचं होतं. शेवटी तोड निघाली ती अशी: रायफलीचा बोल्ट, म्हणजे जो मागे ओढून पुढे ढकलतात तो दांडा, बाहेर काढून माझ्या कपाटातल्या पेटीत कुलपात राहील आणि किल्ली माझ्याकडे. बोल्टाशिवाय रायफल म्हणजे नुसती लाकडात बसवलेली नळी. लेकीला ते पटलं. यांनाही पटलं, कारण दुसरा इलाजच नव्हता.

रायफल कशी होती म्हणाल, तर दिसतच नव्हती. गोदामात वर्षानुवर्षं गंजू नये म्हणून तिला नखशिखांत ग्रीस फासलेलं होतं आणि ते वाळून काकवीसारखं घट्ट झालं होतं. समोरच्यांनी उपाय सांगितला. टेक्ससच्या उन्हाचा एवढा एकच उपयोग आहे म्हणाले. सुटे भाग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचे, कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घालायचे आणि ड्राइव्हवेवर ठेवून द्यायचे. ऊन चढलं की ग्रीस वितळून कागदात उतरतं. आमच्या ड्राइव्हवेवर चार दिवस ती काळी लांबोडकी पिशवी पडलेली होती. वॉकला निघालेल्या मराठी काकूंनी थांबून विचारलं, "काय वाळत घातलंय हो?" मी म्हटलं, "कुरडया."

पाचव्या दिवशी मी फ्रीजरमधला खवलेला नारळ काढायला गॅरेजमध्ये गेले. टेबलावर रायफलीचं लाकूड मोकळं करून ठेवलं होतं आणि यांच्या हातात सँडपेपर होता.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की यांच्या हातातून कागद पडला.

"काय झालं?"

"काय करताय तुम्ही?"

"घासून राहिलो. काळं पडलंय ना."

मी लाकूड हातात घेतलं. वजनाने जड, अजून चिकट. दस्त्याला जिथे गाल टेकतो तिथे ते गुळगुळीत आणि गडद झालं होतं. पुढे जिथे डावा हात धरतो तिथे चार बोटांची जागा जराशी खोलगट लागत होती. ग्रंथालयात आम्हाला पहिल्या दिवशी एकच नियम शिकवला होता: जे परत पहिल्यासारखं करता येणार नाही, ते करायचं नाही. पुस्तकावरचा डाग काढताना अक्षर गेलं तर डाग राहिलेला बरा.

"हे काळं म्हणजे मळ नाही," मी म्हटलं. "ही माणसं आहेत. किती जणांनी धरलीय ही कुणास ठाऊक. घासलीत की सगळे गेले."

यांनी सँडपेपर उचलून कचऱ्यात टाकला. "लाकूड तुझं," म्हणाले. "लोखंड माझं."

अशी आमची वाटणी झाली. मी मऊ कापडावर मिनरल स्पिरिट घेऊन लाकडातलं ग्रीस काढायचे, वाळू द्यायचे आणि मग जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यायचे. एक हात दिला की आठवडाभर थांबायचं. गॅरेजभर जवसाचा वास यायचा आणि मला चटणीची भूक लागायची. वापरलेली फडकी मी कुंपणावर सुटी पसरून वाळवायचे, कारण जवसाच्या तेलाचे बोळे करून टाकले तर आपोआप पेट घेतात, हेही समोरच्यांनीच शिकवलं. यांनी आपल्या जुन्या बनियनचे चौकोनी तुकडे कापून ठेवले होते. गजाच्या टोकाला तुकडा लावून नळीतून फिरवायचा, काळा निघाला की दुसरा, असं तो पांढरा निघेपर्यंत. रोज सकाळी दहाच्या सुमाराला हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. "बाईसाहेब, किल्ली मिळेल का?" मी पदराला नसलेली किल्ली फ्रीजवरच्या वाटीतून काढून द्यायचे.

त्या उन्हाळ्यात आम्ही जितके बोललो तितके ओहायोतल्या कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. तिथे मी कामावरून यायचे तेव्हा हे शिफ्टला निघालेले असायचे.

मग एक दिवस ते घडलं.

रायफलीच्या मानेवर, म्हणजे दस्ता जिथे लोखंडाला मिळतो त्या पट्टीवर, कारखान्याचा शिक्का होता. वर मुकुट, खाली अक्षरं, त्याखाली साल. आम्हा दोघांनाही त्या शिक्क्याचं फार कौतुक. त्या दिवशी मी लाकूड पुसत होते आणि हे समोर बसून तेलात बुडवलेल्या बारीक लोखंडी लोकरीने, म्हणजे स्टील वूलने, गंज काढत होते. त्याची पद्धत अशी की अगदी हलक्या हाताने फिरवायचं, तांबूस चिखल वर आला की पुसायचा आणि थांबून बघायचं. हे थांबत नव्हते. मी मान वर केली तेव्हा मुकुट अर्धा पुसून गेला होता. निळसर काळी झिलई जाऊन खालचं पोलाद पांढरं चमकत होतं.

"अहो! शिक्का गेला! दिसत नाही का तुम्हाला?"

यांनी हात थांबवला. लोकर टेबलावर ठेवली. फडक्याला बोटं पुसली, एकेक करून.

"नाही दिसत," म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग यांनी सांगितलं. वर्षभर होत आलं होतं. सरळ बघितलं की मधोमध धुरकट ठिपका येतो. माणसाकडे बघितलं तर कान दिसतात, चेहरा दिसत नाही. आणि मला एकेक आठवत गेलं. वर्तमानपत्र वाचायचं सोडून हे फोनवर बातम्या ऐकायला लागले होते. गाडी तू चालव, मला बाहेर बघायचंय, म्हणायचे. भाजीत केस निघाला तरी बोलायचे नाहीत आणि हल्ली मी रागावले तर माझ्या चेहऱ्याकडे न बघताच "रागावलीस ना?" असं विचारायचे.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू गॅरेजमध्ये येऊ दिलं नसतंस."

डॉक्टर तरुण होत्या, शांतपणे बोलल्या. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. कडेचं दिसत राहील, समोरचं पुसट होत जाईल. वेग कमी व्हावा म्हणून गोळ्या आहेत, पण गेलेलं परत येणार नाही. लेक सोबत होती. ती परतीच्या वाटेवर गाडी चालवत रडत होती आणि हे मागच्या सीटवरून तिला म्हणत होते, "सिग्नल बघ बाळा, मला दिसत नाहीये."

त्यानंतर हे गॅरेजमध्ये गेले नाहीत. मी रोज दहा वाजता वाट बघायचे. हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायचे, बागेकडे तोंड करून. समोरचे दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा हे झोपल्याचं सोंग करून पडून राहिले. समोरचेही समजून होते. "डॉकला म्हणावं घाई नाही," एवढंच म्हणाले. यांच्या पीएचडीमुळे ते यांना डॉक म्हणत.

रायफल तशीच सुटी पडून होती. महिनाभराने, चार दिवस सलग पाऊस पडून गेल्यावर, मी पुन्हा नारळ काढायला गेले आणि टेबलावरचं कापड उचललं. ग्रीस धुऊन काढलेल्या उघड्या लोखंडावर गंज आला होता. पण सगळीकडे नाही. यांनी शेवटी जिथे हात ठेवला होता तिथेच. चार बोटं आणि अंगठा, तांबड्या रेघांसकट, स्पष्ट उमटलेले. घामातल्या मिठाने गंजाचा ठसा घेतला होता.

मी खूप वेळ बघत उभी राहिले. पुसायला हात होईना. मग आत जाऊन यांच्या खुर्चीसमोर बसले.

"तुमच्या हाताचा ठसा आलाय रायफलीवर. गंजाचा. बोटांवरच्या रेषासुद्धा दिसतायत."

"केवढा खोल आहे?" यांच्यातला इंजिनिअर आधी बोलला.

"मला काय कळतंय? तुम्ही सांगा."

"नखाने बघ. नख अडकतं का?"

"मी नाही बघणार. तुम्ही चला आणि तुमच्याच नखाने बघा. मी तुम्हाला काय दिसतं ते सांगते, तुम्ही मला काय लागतं ते सांगा."

यांना उठायला वेळ लागला. पण उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवून गॅरेजच्या दोन पायऱ्या उतरले, खुर्चीवर बसले आणि लोखंडावर अंगठ्याचं नख अगदी हळू ओढलं. डोळे मिटलेले होते. "वरवरचा आहे," म्हणाले. "तेल दे."

त्या दिवसापासून कामाची नवी पद्धत पडली. मी सांगायचे: "डावीकडे, नळीच्या खालच्या अंगाला, तुरीच्या डाळीएवढा डाग. रंग गूळ जळाल्यासारखा." हे बोट फिरवून म्हणायचे: "हं, इथे खरखरीत आहे. वीस वेळा फिरव. जोर नको लावू, तुझा कणीक मळायचा हात आहे तो." मी वीस वेळा फिरवायचे, पुसायचे, पुन्हा बघायचे. सुरुवातीला मला नुसतं 'डाग आहे' एवढंच सांगता यायचं. हे चिडायचे. "डाग म्हणजे काय? रंग सांग, आकार सांग, कड ठळक आहे का पुसट ते सांग." हळूहळू मी इतकं बारीक बघायला शिकले की आयुष्यभर पुस्तकं दुरुस्त करताना तरी मला एवढं दिसत होतं का, अशी शंका येते. आणि यांची बोटं अशी तयार झाली की गंज निघाला की नाही हे माझ्याआधी यांनाच कळायचं. ग्रीस कुठे राहिलं ते हे वासाने ओळखायचे.

अर्धा मुकुट गेला तो गेलाच. आम्ही त्याला पुन्हा रंगवलं वगैरे नाही. लाकडाला तेलाचे सहा हात झाले, लोखंडाला मेण लावलं, आणि दिवाळीच्या आधी यांनी ती रायफल पूर्ण जोडली, स्क्रू न् स्क्रू, एकट्याने, हातांनी चाचपून. बोल्ट तेवढा पेटीत. लेक आली होती. ती दारात उभी राहून बघत होती, आत आली नाही. पण जाताना मला म्हणाली, "आई, बाबा हॅपी दिसतायत. लेट हिम डू इट." मग जरा थांबून, "किल्ली मात्र तुझ्याकडेच हं."

थंडीत एका दुपारी समोरचे आले ते जुन्या घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. त्यांची बहीण वारली होती. तिच्या शेतावरच्या शेडमध्ये ही सापडली. त्यांच्या वडिलांची रायफल. वडील लढाईवरून परत आल्यावर त्यांनी सरकारी विक्रीतून घेतलेली, आणि पुढे दर हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला वापरलेली. शेडचं छप्पर गळत होतं. रायफल वरपासून खालपर्यंत तांबडी झाली होती.

"मी पन्नासेक रायफली साफ केल्यात," ते म्हणाले. "हिला हात लावायचा धीर होत नाही. दुकानवाला म्हणाला सगळं घासून नवी झिलई चढवू. मला नवी नकोय. फक्त गंज पुढे सरकायला नको."

"आमचंही धोरण तेच आहे," हे म्हणाले. आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेला, वळून हसले.

दोन महिने लागले. समोरचे रोज यायचे, दाराशी खुर्ची टाकून बसायचे, हात न लावता बघायचे. ते असले की आम्ही इंग्रजीत बोलायचो, त्यांनाही कळावं म्हणून. वडिलांबद्दल ते थोडंफार बोलायचे. कडक माणूस. बोलणं मोजकं. आईबद्दल एकदाच बोलले. ते नऊ वर्षांचे असताना ती गेली. वडिलांनी आठवड्याभरात तिचे कपडे देऊन टाकले, फोटो कुठे ठेवले कुणालाच सांगितलं नाही, आणि पुन्हा घरात तिचं नाव काढलं नाही. मुलांनीही काढायचं नाही हे न सांगता ठरून गेलं. "बहीण चार वर्षांची होती," ते म्हणाले. "तिला तर आई आठवतच नव्हती. मलाही चेहरा नीट आठवत नाही."

या रायफलीच्या दस्त्याच्या टोकाला लोखंडी पट्टी असते आणि तिच्यात एक छोटं झाकण. आत पोकळ जागा, सैनिकाला तेलाची नळकांडी आणि नळी साफ करायची दोरी ठेवायला. ते झाकण गंजून घट्ट बसलं होतं. हे रोज बिजागरीवर तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि बोटाने टकटक करून ऐकायचे. "उद्या," म्हणायचे. अकराव्या दिवशी म्हणाले, "आज." लाकडी पट्टीच्या टोकाने हळूच रेटा दिला आणि झाकण उघडलं.

"काय आहे?" यांनी विचारलं.

मी टॉर्च धरला. आत पितळी नळकांडं होतं, हिरवं पडलेलं. त्याच्यामागे कापडाची छोटी गुंडाळी, दोऱ्याने बांधलेली. मी चिमट्याने ती सावकाश बाहेर काढली, पांढऱ्या कागदावर ठेवली आणि नेहमीसारखी यांना सांगायला लागले.

"कापडाचे तुकडे आहेत. नळीतून फिरवायला कापून ठेवलेले, एकावर एक. दहाबारा असतील. बाहेरच्याला तेल लागलंय, आतले स्वच्छ आहेत. सुती. रंग निळा, आभाळाचा नाही, जरा गडद. त्यावर बारीक फुलं आहेत. पाच पाकळ्यांची, पांढरी, मध्ये पिवळा ठिपका. एका तुकड्याला टीप मारलेली कड आहे. बाहीची किंवा झालरीची असावी."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. समोरचे उभे राहिले होते.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले.

"काय?"

"फुलं. कशी आहेत म्हणालात?"

मी पुन्हा सांगितलं. ते टेबलापाशी आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "स्वयंपाकघराच्या दारामागे आईचा झगा खिळ्याला अडकवलेला असायचा. रविवारी घालायची. मी दारामागे लपलो की तो माझ्या तोंडावर यायचा."

मग हे उठले, टेबलाची कड धरून धरून त्यांच्यापर्यंत गेले आणि त्यांचा दंड धरून त्यांना टेबलापाशी आणलं. ज्याला दिसत नाही त्याने ज्याला दिसतं त्याला हाताला धरून आणलं. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी आतला एक स्वच्छ तुकडा उचलला, आणि तो डोळ्यांपाशी न नेता गालाला लावला.

"सगळं देऊन टाकलं म्हणाले होते," ते म्हणाले. "हा ठेवला. आणि वापरला नाही. बघा, आतले वापरलेच नाहीत. कापले आणि बांधून ठेवले."

मी आत जाऊन चहा केला. आल्याचा, आपला. त्यांनी पहिल्यांदाच दोन कप घेतला.

तुकड्यांचं काय करायचं, यावर त्यांनी आठवडाभर विचार केला. निम्मे त्यांनी परत त्याच जागी ठेवायला सांगितले, वडिलांनी ठेवले होते तसेच. उरलेले मी पाण्यात नुसते भिजवून, न चोळता, टीपकागदावर वाळवले आणि आम्ल नसलेल्या, म्हणजे कापड पिवळं न पाडणाऱ्या, पुठ्ठ्यावर बारीक टाक्यांनी बसवून दिले. डिंक लावला नाही. त्यांना कधी ते सोडवून हातात घ्यावेसे वाटले तर घेता यावेत.

त्यानंतर त्यांना आईबद्दल आठवायला लागलं. आधी एखादंच. तिला भेंडी आवडायची नाही. पाव मळताना ती शिट्टी वाजवायची. एकदा वादळात तिने दोन्ही मुलांना टेबलाखाली घेऊन बटाट्याचा खेळ शिकवला होता, पण तो खेळ कसा होता ते आठवेना. ते रस्ता ओलांडून यायचे, दारातच उभं राहून एवढं सांगायचे आणि परत जायचे. हे म्हणायचे, "अजून सांगा," आणि ते म्हणायचे, "आज एवढंच आलं."

मार्चमध्ये त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघं माझ्याबरोबर याल का?" आईला जिथे पुरलं होतं ते गाव पश्चिमेला तीन तासांवर होतं. शाळकरी वयात गाव सुटल्यापासून ते तिथे गेले नव्हते. मी पोळीच्या गुंडाळ्या आणि बटाट्याची भाजी डब्यात भरली. हे म्हणाले, "मऊ ब्रश घे. पाणी घे. साबण नको."

दफनभूमी छोटी होती, तारेच्या कुंपणाची, चारी बाजूंनी गहू. दगड सापडायला वेळ लागला, कारण अक्षरं वाचता येत नव्हती. पांढऱ्या दगडावर राखाडी, केशरी, हिरवट थर चढले होते. आपण मसाल्यात घालतो ते दगडफूल, तसंच काहीसं. ते तीनचार दगडांपाशी थांबले आणि गोंधळले. "यातलाच कुठलातरी," म्हणाले.

हे गुडघ्यावर बसले. पहिल्या दगडावर दोन्ही हात ठेवून बोटं फिरवली. नाही. दुसरा. नाही. तिसऱ्यावर बोटं थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. यांनी एकेक अक्षर मोठ्याने सांगायला सुरुवात केली. चौथ्या अक्षराला समोरचे यांच्याशेजारी खाली बसले.

आम्ही दगड स्वच्छ केला. नुसतं पाणी ओतायचं, थर भिजू द्यायचा, ब्रश खालून वर फिरवायचा. सगळं निघालं नाही आणि आम्ही काढलंही नाही. कडेचं केशरी तसंच राहू दिलं. पण नाव वाचता यायला लागलं, आणि खाली एक छोटं कोरलेलं फूल होतं तेही दिसायला लागलं. मी यांना ते सांगणार होते, तेवढ्यात समोरचेच सांगायला लागले. "डॉक, इथे खाली फूल आहे. पाकळ्या मोजतो. एक, दोन..."

मी डबा आणायला गाडीकडे गेले. परत आले तेव्हा दोघं दगडाला पाठ न लावता, जरा बाजूला, गवतात पाय पसरून बसले होते. समोरच्यांनी भाजी खाऊन विचारलं की हे पिवळं कशाने होतं. हळदीने, मी सांगितलं, आणि आणखी एक पोळी त्यांच्या हातावर ठेवली.